मारिओच्या मिशा आणि वहिनींची धाकटी

"ताई, गडबडीत नाही ना?" असं कुंपणापलीकडून आलं की मी गॅस बारीक करते. गडबडीत असले तरी करते. आमच्या दोन घरांमध्ये मेंदीचं कंबरेएवढं कुंपण आहे. अलीकडे माझं कढीपत्त्याचं झाड आणि पलीकडे वहिनींची कपडे वाळत घालायची दोरी. कोल्हापुरात वर्तमानपत्रं भरपूर निघतात, पण आमच्या कॉलनीची पहिली आवृत्ती इथंच निघते.

परवाचा विषय धाकटीचा होता. थोरलीचं लग्न झाल्यापासून सगळे विषय धाकटीचेच असतात.

"रात्री एकला पाणी प्यायला उठले, तर हिच्या खोलीत उजेड. मला वाटलं, पोर राबायलीय. सबमिशन तोंडावर आलंय, म्हटलं कपभर दूध तरी नेऊन द्यावं. दार ढकलते तर काय! ईझल भिंतीकडं तोंड करून उभा, आणि ही मांडी घालून टीव्हीसमोर. तो मिशीवाला टुणटुण उड्या मारायलाय."

"कुठला मिशीवाला?"

"मारिओ हो! डोक्यानं विटा फोडतो तो. मी विचारलं, अगं पेंटिंगचं काय? तर म्हणाली, आई, थर वाळायलाय. आत्ता हात लावला तर सगळं मातीत जाईल."

थराचं खरं आहे, हे मी वहिनींना तिथल्या तिथं सांगितलं. मी हायस्कूलला चित्रकला शिकवायची, त्यामुळे या खात्यात माझा शब्द चालतो. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि काम संपतं. तेलरंगाचं तसं नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, त्याला दिवस लागतात, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तर रंग वाळतोय की भिजतोय हेच कळत नाही. खालचा थर ओला असताना वर पातळ थर चढवला, तर वरचा आधी आवळतो आणि पुढे चिरतो. आता हा थर त्या दिवशी रात्री एकपर्यंतच वाळत होता की आठवडाभर वाळतोय, हे मात्र मी विचारलं नाही. शेजारधर्म म्हणून काही असतो.

धाकटी ड्रॉइंग अँड पेंटिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कष्टाला कमी नाही, हे कुंपणाअलीकडूनही दिसतं. सकाळी दूधवाल्याच्या आधी ती पाठीला बोर्ड लावून पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर रंकाळ्यावर. दिवसभर कॉलेजात हेड स्टडी आणि कॉम्पोझिशन. संध्याकाळी घरी आल्यावर बापाचा जुना शर्ट अंगात, नखांत कोळसा आणि सगळ्या घराला टर्पेंटाइनचा वास. फाउंडेशनच्या वर्षी तिनं प्लास्टर ऑफ पॅरिसचं उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं होतं. रात्रभरात पाइप आतून दगड झाला. प्लंबर आला, पाइप कापून हातात धरून म्हणाला, "वहिनी, हे कॉलेजला दाखवा, मार्क मिळतील." ती गोष्ट वहिनी अजून पाहुण्यांना सांगतात.

तर प्रश्न कष्टाचा नाही, खेळाचा आहे. आणि खेळ तरी कुठला? बरोबरीची पोरं मोबाइलवर बंदुका चालवतात, ते निदान वहिनींना कळतं. हिला मात्र तिच्या जन्माआधीचे खेळ लागतात. खेळाची पेटी वहिनींच्या माहेरची, इचलकरंजीची. मामानं माळा आवरायला काढला आणि ती भाचीच्या वाट्याला आली. जपानच्या निन्टेंडो कंपनीनं १९८३ साली फॅमिकॉम नावाचं यंत्र काढलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे व्हिडिओ गेम आले, ते बहुतेक त्याच्या नकला, ही पेटीही त्यातलीच. आपण मूळ कंपनीचं नावही ऐकलं नव्हतं. वर चपटी जाड कॅसेट खोचायची. ती चालेना की काढायची, तोंडाजवळ धरून जोरात फुंकायची आणि परत खोचायची. फुंकण्यानं काहीच होत नव्हतं. काढून पुन्हा घातल्यानं पट्ट्या नीट टेकायच्या एवढंच. उलट तोंडाची वाफ लागून त्या खराब व्हायच्या. पण एका अख्ख्या पिढीनं भक्तिभावानं फुंकलं आहे. कॅसेटवर लिहिलेलं असायचं '९९९९ इन १'. त्यात मूठभर खेळ असायचे आणि तेच तेच फिरून फिरून यायचे. फसवले गेलो म्हणून दुकानदाराकडे भांडायला गेलेलं मूल माझ्या ऐकिवात नाही.

वहिनींनी मग नियम घातला. एक शीट पुरी झाली की एक डाव. डावात तीन जीव. ते संपले की पेटी बंद. नियम चांगला होता. धाकटीनंही पाळला. रेषा लवकर सुधारते की जीव लवकर जातात याची घरात चर्चा व्हायची. आणि हा नियम मोडला कोणी, तर खुद्द वहिनींनी. हे मला वहिनींनी सांगितलं नाही. धाकटीनं सांगितलं, कढीपत्ता न्यायला आली तेव्हा.

झालं असं की तिनं 'काँट्रा' लावला होता. दोघं उघडेबंब सैनिक जंगलातून पळत गोळ्या झाडतात तो. दोन जीव गेले, तिसरा जायला टेकला. वहिनी भाकरी थापता थापता दारात येऊन उभ्या राहिल्या, हाताला पीठ, आणि एकदम म्हणाल्या, "पहिल्यापासून लाव. लावायच्या आधी दाब. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. मग स्टार्ट." एका दमात, मनाच्या श्लोकासारखं. धाकटीनं दाबलं आणि तिच्या सैनिकाला तीस जीव मिळाले.

"मावशी, आई भावाबरोबर रोज खेळायची! आणि मला म्हणते, मी नाही हो असल्या नादाला लागले!"

ही चोरवाट काझुहिसा हाशिमोतो या कोनामी कंपनीतल्या माणसानं पहिल्यांदा ठेवली, १९८६ साली, 'ग्रेडियस' नावाच्या दुसऱ्याच खेळात. खेळ तयार करताना तो खेळून तपासावा लागायचा आणि त्यालाच झेपेना, म्हणून स्वतःपुरती सोय केली. ती तशीच राहून गेली आणि दोन वर्षांनी काँट्रातही आली. तिथून ती इचलकरंजीला पोचली आणि तिथून वहिनींच्या चुलीपर्यंत. मी हा विषय कुंपणावर काढला तेव्हा वहिनी लाजल्या आणि विषय बदलायला म्हणून नवऱ्यावर घसरल्या. "आमच्या ह्यांचं तर विचारूच नका. कॉलेज बुडवून 'मुस्तफा' खेळायचे पार्लरात, रुपया रुपया घालून." त्या खेळाचं खरं नाव वेगळंच होतं, 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', १९९३ चा. पण त्यातला पिवळ्या टोपीचा मुस्तफा आपल्या पोरांना इतका आवडला की सगळ्या देशभर खेळालाच मुस्तफा म्हणायला लागले. म्हणजे घराणंच नादी. धाकटीला एकटीला काय बोलायचं?

तरीही त्या दिवशी वहिनींनी मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारलाच. "ताई, तुम्ही शिक्षिका. खरं सांगा, याचा तिच्या चित्रकलेला काही उपयोग आहे का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण आदल्या रविवारीच धाकटी माझ्या ओट्यावर आलेखाची वही घेऊन बसली होती. "मावशी, मारिओला मिशा का आहेत सांगा." मी म्हटलं, इटालियन असेल. तिनं वहीत सोळा चौकोन उंच, सोळा रुंद अशी चौकट आखली. "एवढ्यात अख्खा माणूस बसवा." मी पेन्सिल घेतली. डोळा एक चौकोन. नाक दोन-तीन. तोंडाला जागाच उरेना. शिगेरू मियामोतो या जपानी चित्रकारापुढं १९८१ साली 'डाँकी काँग' करताना हीच पंचाईत होती. त्यानं तोंडाच्या जागी मिशी दिली, म्हणजे नाकही उठून दिसलं. उडी मारताना केस हलवणं जमण्यासारखं नव्हतं, तिथं टोपी घातली. हात पुढंमागं होताना दिसायला हवेत, म्हणून सदरा एका रंगाचा आणि वर पट्ट्यांची विजार दुसऱ्या रंगाची.

"म्हणजे जे जमलं नाही ते झाकलं," मी म्हटलं. एलिमेंटरीच्या स्मरणचित्रात मुलं माणसांचे हात हमखास पाठीमागं बांधतात, बोटं काढता येत नाहीत म्हणून. पेपर तपासताना जत्रेतली सगळी माणसं कैदी वाटतात. फरक इतकाच, की आमच्या मुलांची झाकपाक लगेच कळते आणि मियामोतोची चाळीस वर्षं जगाला आवडते आहे.

फॅमिकॉममध्ये एका हलत्या आकृतीला मिळायचे तीन रंग. चौथा म्हणजे रिकामी जागा, तिथून मागचं दिसायचं. १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अख्खा मिळून चाळीस किलोबाइटांत बसवलाय. सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारं सुप्रभाताचं एक गुलाबाचं फूल याहून मोठं असतं. जागा वाचवायला काय काय केलंय ते धाकटीनं मला पडदा थांबवून दाखवलं. वर आकाशात पांढरा ढग आहे. खाली जमिनीवर हिरवं झुडूप आहे. नीट बघितलं तर ढग आणि झुडूप एकच चित्र, नुसता रंग बदललेला. मी इतकी वर्षं मुलांना निसर्गचित्र शिकवलं, आणि हे मला दिसायला ती मुलगी लागली.

मग तिनं आमच्या ह्यांना बसवलं. हे तसे तिचे हक्काचे मॉडेल आहेत. निवृत्तीनंतर पाऊण तास न हलता बसणं हा त्यांचा हातखंडा. तेलरंगातलं त्यांचं मोठं हेड स्टडी ती आधीपासून करतेच आहे, आणि थर वाळतोय तो त्याचाच. यावेळी सोळा बाय सोळा आणि तीन रंग. कातडीचा एक घ्यावाच लागला. दुसरा पांढरा, बनियनला आणि कानामागच्या केसांना. तिसरा गडद तपकिरी. त्यातच चष्मा, भुवया आणि मिशी. चष्म्याची काडी एक चौकोन इकडं घेतली की हे हवालदार दिसायचे, तिकडं घेतली की कीर्तनकार. तिनं तो एक चौकोन किती वेळा खोडला आणि भरला! शेवटी मधला चौकोन रिकामा सोडला. आणि समोर हे! अगदी हेच, पेपर वाचताना कोणी हाक मारली की चष्म्यावरून बघतात तसे. मोठ्या कॅनव्हासवर कपाळाची चमक आहे, गळ्याच्या सुरकुत्या आहेत, सगळं आहे. माणूस अजून यायचा आहे. हे मी तिला स्पष्ट सांगितलं. ह्यांचं म्हणणं वेगळं पडलं: "टक्कल दाखवायला एवढे चौकोन कशाला खर्च केले? टोपी घालायची. त्या जपान्यानं घातली तशी."

मला ते चित्र बघून हसू आलं ते वेगळ्याच कारणानं. मी आत जाऊन माझ्या मॅटीच्या कापडावरचा पोपट आणला. लग्नात रुखवतात मांडलेला, क्रॉस स्टिचचा. चोच, पंख, डोळा, सगळं फुल्याफुल्यांचं. धाकटी तो हातात घेऊन टाके मोजत बसली. डोळ्याची एक फुली काळी आणि शेजारची एक पांढरी, एवढ्यावर पोपट बघायला लागतो, हे माझ्या आईनं मला शिकवलं होतं. यात माझी काही मोठी अक्कल नाही. सुझन केअर नावाच्या बाईंनी १९८४ च्या मॅकिंटॉश संगणकावरची चिमुकली चित्रं केली, तीही चौकटीच्या वहीत एकेक चौकोन भरून. कलेत डॉक्टरेट केलेली बाई ती. संगणकाचा गंध नव्हता, पण मोझेक आणि भरतकाम हाताखालून गेलं होतं, आणि हे त्याच जातीचं काम आहे असं त्यांनीच सांगितलंय. विंडोजवरच्या १९९० च्या सॉलिटेअरचे पत्तेही त्यांच्याच हातचे. आमच्या ह्यांनी सरकारी नोकरीत त्या पत्त्यांवर किती डाव काढले, ते हेच जाणोत. आता पेन्शन सुरू आहे म्हणून लिहिते.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं, आणि इथंच जरा घोटाळा झाला. मियामोतो आर्ट कॉलेजचा विद्यार्थी होता, कानाझावाच्या, हे वाक्य वहिनींनी उचललं. दुसऱ्या दिवशी कॉलनीत बातमी: धाकटी गेम डिझायनर होणार. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पॅकेज चांगलं असतं. भिशीच्या बायकांनी अभिनंदनही करून टाकलं. धाकटी तणतणत माझ्याकडे आली. "मावशी, मला गेम करायचे नाहीत. खेळायचे आहेत!"

पोरीचं बरोबर आहे. आपल्याकडे कुठल्याही आवडीला उपयोगाचं सर्टिफिकेट लागतं. माझा पोपट नोकरीसाठी नव्हता आणि वहिनींचे तीस जीवही कुठल्या परीक्षेला धरले नव्हते. ती रात्री खेळते कारण दिवसभर चुकलेल्या रेषेचा राग मारिओवर काढता येतो आणि त्याबद्दल सर काही बोलत नाहीत. यातून चित्र सुधारलं तर सुधारलं. मात्र सबमिशनच्या आठवड्यात रात्री एकपर्यंत बसायचं नाही, हे मी तिला दटावून सांगितलंय. त्यात मी वहिनींच्या बाजूची.

आणि उपयोग व्हायचा तेव्हा तो न सांगता होतोच. तिला पळणाऱ्या माणसाची आठ चित्रं करून द्यायची होती. हालचाल हा तिचा कच्चा विषय. तिची माणसं पळताना जिन्यावरून घसरल्यासारखी दिसतात. तेव्हा तिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आठवला. जॉर्डन मेकनर या तरुणानं तो १९८९ ला काढला, जवळजवळ एकट्यानं. राजपुत्राचं पळणं जिवंत वाटावं म्हणून त्यानं धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचा व्हिडिओ घेतला आणि एकेक चित्र गिरवलं. धाकटीनं आतेभावाला गच्चीवर नेलं. तीन संध्याकाळी तो पोरगा पांढरा बनियन घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता, आणि ही मोबाइल धरून "परत! गुडघा दिसला नाही!" ओरडत होती. समोरच्या बिल्डिंगमध्ये ठरलं की पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. एकानं खाली येऊन सोळाशे मीटरची वेळ किती येते तेही विचारलं. आठांपैकी तीन चित्रं सरांनी कॉलेजात ठेवून घेतली आहेत.

आता राहिला टीव्हीचा प्रश्न, आणि आजची बातमी तीच आहे. भिंतीवरच्या नव्या एलईडीवर 'डक हंट'ची बंदूक चालत नाही. त्या बंदुकीतून काही सुटत नसतं. ती उलट बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो, आणि तो उजेड बंदुकीच्या नळीतल्या काचेला दिसला तर बदक पडतं. हा हिशोब जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर बसवलेला. नव्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं आणि बदक उडून जातं. शिवाय जुन्या काचेवर चौकोनांच्या कडा एकमेकांत विरघळतात, रंग मिसळतो. ती चित्रं त्या काचेसाठीच काढलेली होती. म्हणून धाकटीनं भंगारवाल्याकडून एकवीस इंची डबा टीव्ही आणला. दोन माणसं लागली आत न्यायला. वहिनींचे यजमान म्हणाले, "लोक घरातला टीव्ही भंगारात देतात, आमची भंगारातला घरात आणते." ज्या गावात बाबूराव पेंटरांनी रंगाच्या ब्रशबरोबर पान्हा धरून स्वतःचा कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' चित्रपट काढला, तिथं एका टीव्हीचं एवढं काय, असं मी म्हटलं, पण ते त्यांना पटलं नाही.

तर त्या टीव्हीचा लाल रंग परवा गेला. आता टोपीवाला मारिओ हिरवट काळा दिसतो आणि कॉलनीतला टीव्ही दुरुस्तीवाला म्हणतो, पिक्चर ट्यूब गेली, नवी कुठून आणू. सबमिशन सोमवारी आहे. नऊ शीटं झालीत, तीन राहिलीत, ह्यांचं कपाळ वाळतंय. तेव्हा कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली या बाजूला कुणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला डबा टीव्ही पडून असेल, तर भंगारात घालायच्या आधी ओळखीपाळखीतून आमच्यापर्यंत निरोप पोचवा. चौदा इंची असला तरी चालेल. उचलायला पोलीस भरतीवाला पोरगा पाठवू, मात्र सोमवारनंतर.